देवाला सोडलेले चार खेकडे

खेकड्याचे दात पोटात असतात. ही गोष्ट मी आमच्या गावात पहिल्यांदा सांगितली, तेव्हा पारावर बसलेल्या एकालाही नवल वाटलं नाही. "आमच्यात बी हायत की तसली माणसं," एवढंच एक जण म्हणाला, आणि सगळ्यांनी मिळून एकाच माणसाकडे बघितलं. तो माणूस आमचा शेजारी आणि माझा चुलत चुलता, फौजेतून सुभेदार होऊन परत आलेला. त्यामुळे मला हसता आलं नाही.

मी पीएच.डी. करत होते ती समुद्री खेकड्यांच्या पाचक रसांवर. हे वाक्य सांगलीत कॉलेजच्या आवारात म्हणता येतं. आमचं गाव वडूजच्या पलीकडे, माळावर. समुद्र सोडा, ओढ्यालासुद्धा वर्षातले थोडेच दिवस पाणी. घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विषय ऐकून घेतला आणि विचारलं, "खेकड्याचं पोट दुखतं व्हय?" मी नाही म्हणाले. "मग कशाला त्येच्या पोटात शिरायचं?"

विषय माझा नव्हताच, सरांचा होता. माझे मार्गदर्शक सर जन्माने किनाऱ्यावरचे, नोकरीच्या निमित्ताने सांगलीत अडकलेले. त्यांना कायम पित्ताचा त्रास. खिशात गोळ्यांची पट्टी, आणि तोंडात खेकड्याची स्तुती. "खेकड्याच्या पोटात आपल्यासारखं आम्ल नसतं," ते सांगायचे. "जळजळ नाही, करपट ढेकर नाही. तरी तो शिंपला पचवतो. विचार कर." मी विचार केला आणि त्यात वर्षं गेली. खेकड्याचं यकृत आणि स्वादुपिंड वेगवेगळं नसतं, दोघांचं काम एकच पिवळी ग्रंथी करते. तिच्यातून विकरं पाझरतात, म्हणजे एन्झाइम्स. अमायलेज पिठूळ पदार्थ मोडतं, ट्रिप्सिन मांस मोडतं. खेकड्याचं ट्रिप्सिन आपल्यासारखंच, पण जरा मानी. आंबट लागलं की रुसून बसतं आणि कामाला येत नाही. आमच्या घरात असल्या स्वभावाची माणसं भरपूर असल्यामुळे मला ते लगेच समजलं.

शेवटी एकच प्रयोग उरला होता. खेकड्याला खायला दिलंच नाही, तर त्याचं पोट पाचक रस बनवणं थांबवतं की जेवण येईल या आशेवर बनवत राहतं? थांबवत असेल तर किती दिवसांनी, आणि कुठला रस आधी आटतो? आठ खेकडे घ्यायचे. चारांना खायला द्यायचं, चारांना नाही. रोज एक बारीक नळी तोंडातून पोटात सोडून दोन-चार थेंब रस काढायचा. खेकड्याला इजा नाही, फक्त त्याच्या मनाला लागत असावं. एवढं झालं की प्रबंध संपला. नाहीतर सर त्याच हिवाळ्यात निवृत्त होणार होते, माझी मुदत संपणार होती, आणि मी जन्मभर 'खेकड्याचं काहीतरी करणारी' राहणार होते. घरात लग्नाचा विषयसुद्धा त्या प्रबंधाच्या शेपटाला बांधलेला होता, पण ते जाऊ दे.

खाडीतले खेकडे सरांच्या भावाने पाठवले. दोऱ्यांनी नांग्या बांधलेले, ओल्या गोणपाटात, आंबा घाट चढून एसटीने आले. मी त्यांना प्रयोगशाळेत मिठाच्या पाण्यात ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी कृष्णा बाजारपेठेत आली. आमची प्रयोगशाळा तळमजल्यावर. वरच्या वर्गांत आधीच शेजारच्या गल्लीतली माणसं, त्यांच्या शेळ्या आणि एक शिवणयंत्र. सर म्हणाले, "तू यांना घेऊन तुझ्या गावी जा." महापुरातून पाण्यातल्या प्राण्यांना वाचवायला मी दुष्काळी गावाला निघाले. त्या क्षणी मला यात काही चमत्कारिक वाटलं नाही. आपल्या जिल्ह्यांची सवयच तशी आहे. एकीकडे नदी घरात शिरते, आणि त्याच दिवशी दोन तासांच्या अंतरावर माणसं टँकरची वाट बघतात.

तासगाव, विटा, मायणी करत मी आठ खेकड्यांसह निघाले. विट्याच्या गाडीत कंडक्टरने झाकण उघडून बघितलं आणि तिकिटाच्या मशीनमध्ये बराच वेळ खेकडा शोधला. तो नव्हता. शेवटी त्याने मला कोंबड्यांचं तिकीट दिलं आणि म्हणाला, "तपासणीस आला तर पंख हायत म्हणून सांगा."

घरी पोचले, तर दारात टँकरचं पाणी नुकतंच भरून ठेवलेलं. मी त्यातल्या दोन घागरी टबात ओतल्या आणि त्यात खडेमीठ टाकायला लागले. आई बघत उभी राहिली. आख्ख्या आयुष्यात तिने पाणी सांडणारी, नासणारी, चोरणारी माणसं बघितली होती, पण पिण्याचं पाणी मुद्दाम खारट करणारी पोटची पोर बघितली नव्हती. "मग समुद्रालाच जायचं हुतंस की," ती एवढंच म्हणाली आणि आत जाऊन मला चहा आणला.

दोन टब केले. ओसरीवर एक, गोठ्याच्या भिंतीला लागून दुसरा. एका टबाला मी वडूजच्या बाजारातलं सुकट घातलं, दुसऱ्याला नाही. आबा काठीवर हनुवटी टेकून बघत होते.

"ह्येंचं काय?" त्यांनी दुसऱ्या टबाकडे काठी केली.

"यांना द्यायचं नाही, आबा. प्रयोग आहे."

"आज न्हाई?"

"आठ-दहा दिवस."

आबा उठले, हातपाय धुतले, आणि ताटावर न बसता बाजेवर जाऊन पडले. आईने दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा तिने मला आत बोलावलं आणि हळूच सांगितलं, "त्ये न्हाई जेवायचं आता."

आमच्या घरात एक रीत आहे. मुक्या जनावराच्या तोंडात घास पडल्याशिवाय घरच्या माणसाने ताटावर बसायचं नाही. मेंढरं, कुत्रं, शेरडं, कोंबड्या, मग माणसं. लहानपणी शाळेला उशीर झाला तरी आधी करडांना पाला टाकायचा आणि मग भाकरीला हात लावायचा. मला ही रीत पाठ होती. फक्त खेकडा तिच्यात बसतो हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी आबांना समजावायला गेले. खेकडा थंड रक्ताचा, तो महिनामहिना उपाशी राहू शकतो, त्याच्या ग्रंथीत साठा असतो.

"आसंल," आबा म्हणाले. "पर माझ्या दारात हाय का न्हाई?"

"आहे."

"मुकं हाय का न्हाई?"

यावर माझ्याकडे एकही शास्त्रीय मुद्दा नव्हता.

आबांना साखरेची गोळी सुरू होती. गोळी घेऊन जेवलं नाही तर चक्कर येते हे डॉक्टरांनी त्यांना आणि आम्हाला बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी माझ्या समाधानासाठी गुळाचा खडा तोंडात टाकला. गूळ म्हणजे जेवण नव्हे, अशी त्यांची समजूत. संध्याकाळी दावं सोडायला वाकले ते गोठ्याच्या मेढीला धरूनच राहिले. मी धावले. त्यांच्या कपाळावर गार घाम होता. खरं सांगायचं तर मला त्या वेळी त्यांचा भयंकर राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त होती. मी ओरडून म्हणाले की चार खेकड्यांपायी तुम्ही जीव देणार का. ते म्हणाले, "उपाशी जनावर मला बघूनच कळतंय. त्यो मोठा बघ, डोळं कसं वर काढून बघतोय." त्यांनी दाखवलेला मोठा खेकडा सुकट घातलेल्या टबातला होता आणि नुकताच पोटभर खाऊन बसला होता. मी ते सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता.

आईने त्या संध्याकाळी चुलीपुढे बसून कारण सांगितलं. मी जन्मायच्या आधी एका दुष्काळात आबा मेंढरं घेऊन खाली कोकणाच्या अंगाला निघाले होते. वाटेत चारा मिळाला नाही. परत आले तेव्हा अर्धी मेंढरं नव्हती. "रातच्याला ती वरडायची आन्‌ ह्ये भाकरी खायचं. त्येंनी मला एकदाच सांगितलं, परत न्हाई." एवढं बोलून तिने तव्यावरची भाकरी उलटली. मला वाईट वाटलं, फार वाटलं. पण प्रबंधही सोडवत नव्हता. दोन्ही गोष्टी माझ्या पोटात एकाच वेळी होत्या आणि एकही पचत नव्हती.

तोडगा काढला सुभेदारांनी. भिंतीपलीकडून त्यांनी सगळं ऐकलं होतं. "सवाल मालकीचा हाय," ते म्हणाले. "जनावर ज्याच्या नावावर, उपास त्याच्या डोक्यावर. ह्या चार जवानांची माझ्याकडं पोस्टिंग कर. मी सियाचीनला राशन न घेता ड्यूटी केल्याली हाय, मला काय फरक पडतोय." आबांनी विचार केला आणि मान डोलवली. जनावर रीतसर दुसऱ्याच्या हवाली केलं की आपली जबाबदारी सुटते, हे त्यांना मान्य होतं. टबाला भंडारा लावला, नारळ फोडला, आणि चार उपाशी खेकडे सुभेदारांच्या ओसरीवर गेले. आबांनी त्या रात्री दोन भाकरी खाल्ल्या. मी त्यांच्याकडे बघत बसले आणि मला रडू आलं.

सुभेदार मात्र दुसऱ्या दिवशी पहिल्याच जेवणाला हरले. ताट पुढे आलं, रस्सा वाढला, आणि टबात एका खेकड्याने नांगी टबाच्या कडेवर आपटली. एकदाच. सुभेदार उठले, टब उचलला आणि दूध डेअरीवाल्याच्या दारात जाऊन म्हणाले, "टेम्परवारी ड्यूटी." डेअरीवाल्याने दुपारभर हौसेने सांभाळले आणि संध्याकाळी दिवाबत्तीच्या आधी गिरणीवाल्याकडे पोचवले. गिरणीवाल्याने सकाळी न्याहारीच्या आत पुढे. प्रत्येक वेळी भंडारा, प्रत्येक वेळी हवाली. लवकरच गावात एक वेळापत्रक आपोआप तयार झालं. दुपारी दोन ते सहा खेकडे सगळ्यांना हवे असायचे, पाहुणे मुद्दाम बघायला यायचे. जेवणवेळ जवळ आली की लोक दारं लोटून घ्यायचे. मी नळी आणि बाटल्या घेऊन माझा प्रयोग शोधत गल्लीगल्ली फिरायचे. "तुमच्याकडे आहेत का माझे खेकडे?" "आत्ताच पुढं गेली की, ताई. आमची जेवणं व्हायची हुती."

रस तपासायला माझ्याकडे गावात एकच साधन होतं, ते म्हणजे डेअरीतलं आयोडीन. दुधात पीठ मिसळलंय का हे बघायला डेअरीवाला ते वापरतो. पीठ असलं की दूध निळं होतं आणि घालणाऱ्याचं तोंड उतरतं. मी भाताच्या पेजेत आयोडीन टाकायचे, पेज निळी व्हायची, मग त्यात खेकड्याच्या रसाचा थेंब. अमायलेज पेजेतलं पीठ मोडतं आणि निळा रंग हळूहळू जातो. तो जायला किती वेळ लागतो त्यावरून रस किती जोमाचा हे कळतं. बाकीचा रस मी डेअरीच्या बर्फात ठेवायचे, सांगलीला नेऊन नीट मोजायला. माझं हे काम बघायला डेअरीत गर्दी व्हायची. निळं पाणी पांढरं झालेलं बघून एक दूधवाला बराच वेळ विचार करत उभा राहिला आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, ह्यो रस बाटलीभर मिळंल का?" डेअरीवाल्याने ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला बाहेर बाकावर बसवलं.

असं किती दिवस चालणार? आळीपाळीने अख्खं गाव जेवणाला चुकायला लागलं होतं. मंडळी पारावर बसली. शेवटी गावातला सगळ्यात म्हातारा माणूस म्हणाला की ज्याला मालक न्हाई त्येचा उपास कुणालाच लागत न्हाई. मग बिनमालकाची करायची कशी? देवाला सोडायची. आमच्यात बिरोबाला बोकड सोडतात. एकदा सोडला की तो कुणाचाच नाही, त्याला कुणी बांधत नाही, विकत नाही. सगळ्यांच्या माना हलल्या. सुभेदार म्हणाले की देवळाच्या ओवरीत टब ठेवू आणि पहारा ते स्वतः देतील. मला तर हा तोडगा देवानेच सुचवल्यासारखा वाटला. शास्त्रात 'नियंत्रित परिस्थिती' म्हणतात ती मला सांगलीत कधी मिळाली नव्हती, आणि इथे फौजेचा पहारा मिळत होता.

आता इथे माझी मती कुठे गेली होती हे मला कळत नाही. मी याच गावात वाढलेली. देवाला सोडलेल्या बोकडाचं काय होतं हे मी लहानपणापासून बघितलेलं. त्याला कुणी बांधत नाही, आणि कुणी उपाशीही ठेवत नाही. तो ज्याच्या दारात उभा राहील तो माणूस तोंडातला घास काढून त्याला देतो. शाळेत जाताना माझ्या डब्यातली अर्धी भाकरी मी स्वतः त्याला घातलेली आहे. पण पीएच.डी. करताना माणूस जे वाचतो ते लक्षात ठेवतो आणि जे बघितलंय ते विसरतो.

खेकडे देवळात गेले आणि सगळीकडे शांतता झाली. मी सकाळी जाऊन पाणी बदलायचे. टब लख्ख, अन्नाचा कण नाही. सुभेदार खाड्‌कन उभे राहून रिपोर्ट द्यायचे, "चारी हाजिर. सब ठीक." मी रस काढून परत यायचे. घरी आबा दोन्ही वेळा पोटभर जेवत होते, वर आईला कालवण पुन्हा वाढायला सांगत होते. माझं मन भरून यायचं. बाप इतका निवांत जेवतोय याचा अर्थ काय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग पेजेने घोटाळा केला. सुकट खाणाऱ्या चार खेकड्यांचा रस निळा रंग घालवायला नेहमीएवढाच वेळ घेत होता. देवळातल्या उपाशी खेकड्यांचा रस मात्र थेंब पडतोय न पडतोय तोच पेज पांढरी करत होता. मी पुन्हा केलं, भांडी धुऊन पुन्हा केलं. तेच. उपाशी पोटात अमायलेज कमी होण्याऐवजी वाढत होतं. मी सरांना फोन लावला. सांगलीत पाणी ओसरलं होतं आणि ते प्रयोगशाळेतला चिखल काढत होते. त्यांनी खोरं टाकून दिलं असावं, आवाज आला. "म्हणजे भूक वाढते तशी आशा वाढते," ते म्हणाले. "पोरी, हे कुणाला माहीत नव्हतं."

त्या रात्री मी मनातल्या मनात परदेशी जाऊन भाषणही करून आले.

सकाळी मी देवळात मोठ्या खेकड्याला उचललं, नळी घालायला तोंड उघडलं, आणि त्याच्या जबड्याशी एक पोहा अडकलेला दिसला. फुगलेला, हळदीने पिवळा. चिवड्यातला. मी चिमट्याने तो काढला आणि बराच वेळ हातावर धरून बसले. नळीतून जो रस आला त्याला फोडणीचा वास होता.

"सुभेदार काका," मी म्हणाले, "यांना खायला कोण देतंय?"

सुभेदार अटेन्शनमध्ये आले. त्यांनी काही लपवलं नाही. त्यांच्या हिशेबाने लपवण्यासारखं काही नव्हतंच. दुपारच्या आरतीनंतर, मी पाणी बदलून गेल्यावर, घरटी एक अशी पाळी लावली होती. नैवेद्याचा भात, खोबरं, भाकरीचा चुरा, कुणाकडे चिवडा केला असेल तर चिवडा. थोडं थोडं टाकायचं, खेकड्याने ते संपवल्याशिवाय पुढचं नाही, आणि शेवटी टब साफ. एवढी शिस्त मी कॉलेजात प्रात्यक्षिकं घेताना पोरांना कधी लावू शकले नव्हते. पीठ खाऊन खाऊन त्यांच्या ग्रंथींनी अमायलेजचा पूर आणला होता.

"पण यांना उपाशी ठेवायचं होतं ना?" मी कसंबसं विचारलं.

"तू ठिवलंसच की उपाशी," सुभेदार शांतपणे म्हणाले. "तू न्हाई घातलंस, तुझ्या घरानं न्हाई घातलं. देवाच्या दारात आल्यालं देवानं जेवू घातलं. तुझी ड्यूटी तू केलीस, त्येची त्येनं केली."

मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुजारी आत निघून गेला एवढं सांगते. मग मी सरांना फोन केला आणि सगळं खरं सांगितलं. पलीकडे खोऱ्याचा आवाज येत होता. शेवटी सर म्हणाले, "चिवडा तिखट होता का गं? तिखटाचा काही परिणाम होतो का ते कुणी बघितलेलं नाही." मी फोन ठेवला.

माझा प्रबंध त्यानंतर वर्षभर रखडला. सर निवृत्त झाले, मुदत वाढवून घेऊन दुसऱ्या मार्गदर्शकांकडे नाव घालावं लागलं, आणि अखेरीस जो प्रयोग झाला तो कडीकुलपात, गावापासून लांब झाला. त्या दिवशी यातलं काही मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मला एवढंच कळत होतं की सगळं संपलं, आणि ते माझ्याच माणसांनी संपवलं, तेही प्रेमाने. शत्रूने केलं असतं तर निदान भांडता आलं असतं. मी चारी खेकडे टबासकट घरी आणले, ओसरीवर ठेवले आणि गोठ्याच्या भिंतीशी जाऊन बसले. आईने न्याहारीला हाक मारली, मी गेले नाही. दुपारी मारली, गेले नाही. बोलले तर काहीतरी भलतंच तोंडातून जाईल म्हणून कुणाशी बोललेच नाही. आबा दोनदा येऊन उभे राहिले आणि परत गेले.

दिवस मावळला. आईने आबांचं ताट वाढलं. आबा हातपाय धुऊन आले, ताटावर बसले, आणि तसेच बसून राहिले. मला भिंतीच्या आडून दिसत होतं. गोळी घेऊन झाली होती. भाकरीला हात लागला नव्हता. आता कशासाठी? खेकडे जेवले होते, आठच्या आठ, गावात कुणी जेवलं नसेल असं जेवले होते. मी उठून आत गेले.

"आता कोण उपाशी आहे, आबा?" मी विचारलं. सकाळपासून माझ्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य.

आबांनी माझ्याकडे बघितलं. "दिसभर गोठ्यापाशी बसल्यालं हाय," ते म्हणाले. "सकाळपासनं एक शब्द तोंडातनं काढला न्हाई त्येनं. मुकं जनावर दारात उपाशी, आन्‌ मी जेवू कसा?"

आईने दुसरं ताट मांडलं. ज्वारीची भाकरी, वांग्याचं कालवण. राग माझा गेला नव्हता, अजिबात गेला नव्हता, पण वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं. तोंडातल्या त्या पाण्यातही अमायलेज असतं. दिवसभर मी रुसून बसले होते, आणि माझं शरीर मात्र जेवण येईल म्हणून वाट बघत होतं. ज्या प्रश्नासाठी एवढा खटाटोप केला होता, त्याचं उत्तर माझ्या जिभेखाली साठलं होतं. ते कुठल्याही प्रबंधात घालता आलं नसतं.

मी भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला. आबा माझ्या गळ्याकडे बघत होते. तो घास खाली उतरलेला त्यांनी बघितला, आणि मग आपली भाकरी मोडली.